दाढ भरली, दुखणं राहिलं

वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

सांगली-सातारा भागातून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. दाढेत सिमेंट भरलं, त्रास गेला नाही, आणि आता त्या डॉक्टरांकडे पुन्हा पाय वळत नाही. त्यामुळे या अंकातली बरीचशी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझं वय ४३. उजवीकडच्या खालच्या दाढेला, शेजारच्या दाढेला लागून असलेल्या बाजूने कीड होती. वीस वर्षं आमचं सगळं घर एकाच डॉक्टरांकडे जातं. त्यांनी कीड काढून पांढरं सिमेंट भरलं, त्याला आता सहा आठवडे झाले. गार पाण्याने कळ येते. त्या बाजूने भाकरी चावली की टोचतं. जेवल्यावर दर वेळी दोन दाढांच्या मध्ये काहीतरी अडकून बसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा ‘सवय होईल’ म्हणाले, दुसऱ्यांदा वरून थोडं घासून दिलं, तिसऱ्यांदा म्हणाले, रूट कॅनल करून टाकू. सिमेंट भरण्याआधी रूट कॅनलचा विषयही निघाला नव्हता. माझा विश्वासच उडाला आहे. दुसरीकडे जावं का? गेले तर काय सांगायचं? आणि या डॉक्टरांची रस्त्यात रोज गाठ पडते, त्यांच्याशी काय बोलायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. तुम्ही त्या सुट्या करून लिहिल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण ‘दाढ दुखते’ एवढंच सांगतात आणि मग एकाच उपायाने सगळं मिटवायचा प्रयत्न होतो. ‘सवय होईल’ हे उत्तर फक्त गार पाण्याच्या कळेला लागू पडतं, तेही पहिले दोन-तीन आठवडे. टोचणं आणि अन्न अडकणं यांची सवय होत नसते.

आधी टोचण्याचं बघू. सिमेंट भरताना जबडा बधिर असतो, पेशंट आडवा असतो आणि अर्धा-पाऊण तास तोंड उघडं ठेवून स्नायू दमलेले असतात. अशा वेळी ‘दात मिटा’ म्हटलं तरी ते नेहमीच्या जागी मिटतीलच असं नाही, आणि सिमेंटचा एखादा उंचवटा राहून जातो. दाताच्या मुळाभोवती तंतूंचं वेष्टण असतं. ते इतकं हळवं असतं की केसाच्या जाडीहून कमी उंचीसुद्धा त्याला जाणवते. दर घासाला तोच दात आधी ठेचला जातो, वेष्टण सुजतं आणि मग मऊ भातही टोचू लागतो.

याची तपासणी पाच मिनिटांची आहे. पेशंटला सरळ बसवायचं, दात कापसाने कोरडा करायचा, निळा कागद दातांत धरून टकटक चावायला लावायचं. मग लाल कागद ठेवून जबडा डावी-उजवीकडे घासायला सांगायचं. निळे ठिपके सरळ चावताना लागणाऱ्या जागा दाखवतात, लाल रेघा चघळताना घासणाऱ्या. दात ओला असेल तर कागदाचा रंग उमटत नाही आणि ‘कुठेच लागत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तुमच्या डॉक्टरांनी घासून दिलं, पण बाजूच्या हालचालीत कुठे लागतं हे पाहिलं का, ते त्यांना विचारा. बऱ्याचदा नेमकं तेवढंच राहून गेलेलं असतं. उंचवटा नीट निघाला की टोचणं दोन-चार दिवसांत उतरू लागतं, पूर्ण शांत व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

दाब देताना त्रास नाही, पण चावून दात सोडताना एकदम सणक जाते, आणि तीही दाढेच्या एखाद्याच टोकावर, असं होत असेल तर दाढेला चीर गेल्याची शंका घ्यावी. ती तपासायला डॉक्टर प्रत्येक टोकावर आळीपाळीने प्लास्टिकचं एक छोटं साधन ठेवून चावायला लावतात. साध्या एक्स-रेत चीर सहसा दिसत नाही. घरी सुपारी चावून हा प्रयोग करू नका, अर्धवट चीर पुरती फाकेल.

आता गार पाण्याची कळ. पांढरं सिमेंट म्हणजे बहुतेक वेळा कंपोझिट. निळ्या लाइटने घट्ट होताना ते आकसतं, घनफळाने साधारण २ ते ३ टक्के. म्हणून नेहमीचं कंपोझिट एका दमात न भरता सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरायचं असतं आणि प्रत्येक थराला वेगळा लाइट मारायचा असतो. थर जाड झाला किंवा लाइट लांबून धरला तर तळाचा भाग कच्चा राहतो. भरताना थुंकी किंवा हिरडीचं रक्त लागलं तर सिमेंट दाताला धरत नाही. काहीही झालं तरी परिणाम एकच, सिमेंट आणि दात यांच्यामध्ये बारीक फट राहते. दाताच्या आतल्या थरात नसेपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. गार लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि कळ जाते. सगळं काम बिनचूक झालं असलं तरी कीड खोल असेल तर नस काही दिवस चिडलेली राहते. मात्र ही कळ दिवसागणिक कमी व्हायला हवी. सहा आठवड्यांनंतरही ती तशीच असेल, तर आता ‘थांबून बघू’ म्हणण्याची वेळ गेली.

कळ किती आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते हे जास्त सांगतं. माठातल्या पाण्याचा घोट त्या बाजूला धरा, गिळा आणि घड्याळ बघा. चार-पाच सेकंदांत कळ विरली तर नस सावरण्याची आशा चांगली. अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळत असेल, काही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू होत असेल, रात्री झोपमोड होत असेल, गरम चहाने दुखणं वाढून गार पाण्याने बरं वाटत असेल, तर नस बहुधा परत ठीक होण्याच्या पलीकडे गेली आहे. तीन-चार दिवस हे वेळेसकट कागदावर टिपून ठेवा. डॉक्टर कुठलेही असोत, त्यांना तुमच्या रागापेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होईल.

तिसरी तक्रार, अन्न अडकण्याची, आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते, आणि तुमच्या पत्रावरून तिच्याकडे कुणी लक्षच दिलेलं दिसत नाही. दोन दाढांच्या मधली कीड काढली की दाताची एक भिंतच जाते. ती पुन्हा उभी करताना दाताला पातळ स्टीलची पट्टी लावतात, हिरडीजवळ बारीक पाचर मारतात आणि पट्टीवर स्प्रिंगची कडी चढवतात. पाचर आणि कडी मिळून दोन दात केसभर दूर सारतात, आणि त्या काढल्या की दात परत येऊन नव्या भिंतीला टेकतात. पट्टी सपाटच राहिली, पाचर ढिली बसली किंवा कडी वापरलीच नाही, तर भिंत शेजारच्या दाढेपर्यंत पोचत नाही. तिथे मटणाचा तंतू, मेथीचं देठ, बेदाण्याचं साल दर जेवणाला शिरतं. ते हिरडीवर दाबलं गेल्यानेही चावताना टोचतं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या तक्रारीचा काही भाग इथूनच येत असू शकतो.

फ्लॉसचा दोरा मेडिकलमध्ये मिळतो. हात धुऊन तो आधी डावीकडच्या चांगल्या दोन दाढांत घाला. किंचित अडून टक्कन आत जाईल. मग या दाढेजवळ घाला. काही अडथळा न होता सरळ घसरला, तर फट आहे. आत गेला पण वर येताना विसकटला किंवा तुटला, तर सिमेंटची कड हिरडीकडे बाहेर आलेली आहे. दोरा अडकलाच तर वर ओढू नका, एका टोकाने बाजूने सरकवून काढा.

अशी फट वरून घासून मिटत नाही. त्या बाजूचं सिमेंट काढून, पट्टी-पाचर-कडी लावून ती भिंत पुन्हा बांधावी लागते. दाताचा उरलेला भाग नाजूक असेल तर लॅबमध्ये बनवलेला तुकडा किंवा कॅप बसवतात. तोपर्यंत दर जेवणानंतर फ्लॉस किंवा दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश वापरा. आगकाडी आणि सेफ्टी पिन बिलकूल नको. हे दुखणं काही महिने तसंच ठेवलं तर हिरडी सुजून रक्त येतं, खालचं हाड झिजतं आणि शेजारच्या चांगल्या दाढेलाही कीड लागते.

आता रूट कॅनल. ते लागणारच नाही असं आम्ही इथे बसून म्हणू शकत नाही. पण ज्या दाढेचा उंचवटा आणि फट तपासलेली नाही, तिचं रूट कॅनल ‘करून टाकू’ हे आम्हाला मान्य नाही. दुखणं फटीमुळे असेल तर नस काढल्यावरही अन्न तिथेच अडकणार. निर्णयाआधी किमान एवढं व्हायला हवं : गार फवारा कापसाच्या बोळ्यावर घेऊन ही दाढ, शेजारची दाढ आणि डावीकडची तीच दाढ, तिन्ही तपासून तुलना, दाढेवर आरशाच्या दांड्याने हलके ठोके, हिरडीच्या खोलीचं माप आणि ताजा एक्स-रे. एक्स-रे चांगला आला म्हणून नस चांगली, असं समजायचं नसतं. मुळाच्या टोकाशी हाडातला बराच खनिज भाग गेल्याशिवाय काळी सावली दिसत नाही. म्हणूनच गार फवाऱ्याच्या चाचणीला एवढं महत्त्व. नस थोडीच खराब असेल तर वरचा भाग काढून एमटीए किंवा बायोडेंटिनसारखं औषधी सिमेंट घालून बाकीची नस वाचवता येते का, हेही विचारा. प्रत्येक दाढेत ते शक्य नसतं, पण विचारायला हरकत नाही.

विश्वासाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. खोल कीड साफ केल्यावर नस दगावणं हे चांगल्यात चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही घडतं. तेवढ्यावरून त्यांना दोष देता येणार नाही. ‘कीड नसेजवळ आहे, पुढे रूट कॅनल लागू शकतं’ हे भरण्याआधी न सांगणं हा दोष आहे. तीन फेऱ्यांत एकदाही फ्लॉस घालून न पाहणं हा त्याहून मोठा दोष आहे. तरी वीस वर्षांचा संबंध आहे, म्हणून एकदा अपॉइंटमेंट घेऊन, गर्दीच्या वेळी नव्हे, त्यांच्याकडे जा. शांतपणे म्हणा : “डॉक्टर, माझा त्रास मी लिहून आणलाय. माझ्यासमोर फ्लॉस घालून बघा, बसवून निळा-लाल कागद लावा, आणि रूट कॅनल कुठल्या चाचणीवरून म्हणताय ते मला दाखवा.” त्यांनी तपासलं, फट मान्य केली आणि भिंत पुन्हा बांधून द्यायची तयारी दाखवली, तर त्यांच्याकडेच काम करून घ्यायला हरकत नाही. इतक्या कमी दिवसांत सदोष निघालेलं सिमेंट बरेच डॉक्टर पैसे न घेता बदलून देतात. तसा करार नसतो, पण तेवढं मागायला संकोच नको. ते चिडले, तपासायचं टाळलं किंवा ‘डॉक्टर मी आहे की तुम्ही’ अशी भाषा आली, तर उठून या.

दुसरीकडे जाताना एक्स-रे आणि केलेल्या कामाची नोंद मागून घ्या. डिजिटल एक्स-रे असेल तर मूळ फाइल ई-मेलवर मागवा. कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो निदानाला फारसा कामाचा नसतो. कारण विचारलं तर ‘दुसरं मत घ्यायचं ठरवलंय’ एवढंच सांगा. यात अपमान होण्यासारखं काही नाही, आणि रस्त्यात गाठ पडली तर नेहमीसारखा नमस्कार करता येतो.

अशा कामासाठी कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स (म्हणजे दात भरणं आणि रूट कॅनल) या विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर बघा. तुम्हाला मिरजेहून वानलेसवाडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय जवळ आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, आणि सातारा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. सकाळी लवकर जा आणि पदव्युत्तर विभागात शिक्षकांनी एकदा बघावं असं आवर्जून सांगा.

नव्या डॉक्टरांना आधी फक्त त्रास सांगा. पहिले डॉक्टर काय म्हणाले ते त्यांची तपासणी झाल्यावर सांगा, म्हणजे त्यांचं मत स्वतंत्र येईल. आणि त्याच दिवशी ड्रिल लावू देऊ नका, ठणका असह्य असेल तर गोष्ट वेगळी. दर वेळी सिमेंट बदलताना थोडा चांगला दातही कापला जातो. नुसत्या रागापोटी तीन दवाखाने फिरून तीनदा भरून घेतलेली दाढ शेवटी कॅपच्या किंवा रूट कॅनलच्या वाटेला लागते, मग मूळ दोष कितीही किरकोळ असो.

प्रश्न : सिमेंट भरल्यावर किती वेळ खाऊ नये? आमच्याकडे प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतो. (विटा)

उत्तर : सिमेंट वेगळं, म्हणून वेळ वेगळा. कंपोझिट लाइट मारताच घट्ट होतं. थांबायचं ते फक्त बधिरपणा जाईपर्यंत, दोन-तीन तास, नाहीतर गाल किंवा ओठ चावला जातो. लहान मुलांकडे त्या वेळात लक्ष ठेवा. ग्लास आयोनोमर हे पांढरट सिमेंट असेल तर पहिला तास काहीच नको आणि त्या बाजूने २४ तास कडक नको. चांदीचं सिमेंट असेल तरी २४ तास त्या बाजूने चावू नका. कुठलं सिमेंट भरलं हे कागदावर लिहून घ्यायची सवय लावा, पुढच्या डॉक्टरांनाही ते लागतं.

प्रश्न : साताऱ्यात नवीन डॉक्टरांकडे नुसते दात साफ करायला गेलो होतो. त्यांनी सांगितलं, माझ्या सहा दाढांतलं जुनं चांदीचं सिमेंट विषारी आहे, सगळं काढून पांढरं भरा. पंधरा वर्षांत त्या दाढांचा काही त्रास नाही. जुन्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात विष भरलं होतं का? (सातारा)

उत्तर : नाही. चांदीच्या सिमेंटमध्ये निम्म्याच्या आसपास पारा असतो, पण तो चांदी, कथील, तांबे यांच्याशी बांधला गेलेला असतो. त्यातून पाऱ्याची वाफ अगदी अल्प प्रमाणात निघते. सगळ्यात जास्त निघते ती भरताना आणि काढताना. म्हणजे धडधाकट सिमेंट ‘विष काढण्यासाठी’ ड्रिल करणं उलटंच पडतं. पारा पर्यावरणात जाऊ नये म्हणून २०१३ मध्ये मिनामाटा करार झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून हे सिमेंट वापरणं जवळपास बंद केलं. पण तो निर्णय नव्याने भरण्याबद्दल आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मेंदूचे विकार असलेले अशा काही जणांमध्ये ते टाळायला सांगितलं. त्याच वेळी हेही सांगितलं की चांगल्या स्थितीतलं जुनं सिमेंट वैद्यकीय गरज नसताना काढू नये.

सिमेंट बदलायला कारणं लागतात : कडेला नवी कीड, सिमेंटला तडा, दाढेच्या भिंतीला चीर, निघालेली कड. काळा रंग हे कारण नाही. सहापैकी प्रत्येक दाढेचा तोंडातला फोटो आणि वरच्या-खालच्या दाढा एकत्र दाखवणारा बाइटविंग एक्स-रे मागा आणि ‘या दाढेत नेमकं काय बिघडलंय’ हे दाढेगणिक विचारा. बाइटविंग न काढता सहा दाढांचा हिशेब हातात देणाऱ्या डॉक्टरांवर विसंबून राहू नका. एखादी खरोखर बिघडलेली निघालीच, तर त्यातलं सिमेंट काढताना रबर डॅम (दाताभोवती ताणून लावलेला रबराचा पडदा), भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन असावं, आणि सिमेंटचा भुगा न करता तुकडे पाडून काढावं.

प्रश्न : आईच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या आहेत. तिथे तीनदा सिमेंट भरलं, तिन्ही वेळा काही महिन्यांत निघून आलं. डॉक्टर हलकं सिमेंट वापरतात असं आम्हाला वाटतं. आई मिश्री लावते. (पाटण)

उत्तर : सिमेंटच्या दर्जावर संशय घेण्याआधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे बघा. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दिवसातून दोन-चारदा आडवी घासली की हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. मूळ इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरापेक्षा, खूप मऊ असतं, म्हणून खाच पडते. भरलेलं सिमेंटही त्याच बोटाखाली रोज झिजतं.

ही जागा मुळात अवघड आहे. सिमेंटला धरून ठेवायला भिंती नसतात. झिजून गुळगुळीत, पिवळी-चकचकीत झालेली जागा चिकट थराला नीट धरत नाही. शिवाय हिरडीच्या कडेतून ओल झिरपत असते. म्हणून भरण्याआधी ती जागा ड्रिलच्या बारीक टोकाने किंचित खरखरीत करायची, हिरडीच्या कडेत पातळ दोरा सरकवून ती कोरडी ठेवायची आणि मगच भरायचं. अशा खाचांत ग्लास आयोनोमर किंवा त्याचाच रेझिन मिसळलेला प्रकार चांगला टिकतो, कारण तो दाताशी रासायनिक बंधाने जोडला जातो. आधी काय वापरलं होतं ते विचारा. सिमेंट काही दिवसांतच निघालं असेल तर भरताना ओल लागली असण्याची शक्यता जास्त. चार-पाच वर्षांनी निघालं तर ती झीज म्हणायची. आई झोपेत दात खात असेल तरी दाताच्या मानेजवळचं, म्हणजे हिरडीलगतचं, सिमेंट सुटतं, तेही डॉक्टरांना सांगा.

प्रत्येक खाच भरायलाच हवी असं नाही. कळ येत नसेल, कीड नसेल आणि खोली मिलिमीटरच्या आत असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. गारची कळ असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरून बघा. ब्रश आडवा दाबून नको, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवायचा.

आणि मिश्री सुटायलाच हवी. दातांपेक्षाही गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला काय होतंय याची आम्हाला काळजी वाटते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातला फोड किंवा जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर सिमेंट बाजूला ठेवून आधी ते दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात मोडत नाही. आईला रागावण्यापेक्षा सकाळच्या पहिल्या मिश्रीच्या जागी ब्रश हातात द्यावा आणि पुढच्या एकेक वेळा कमी करत जावं.

प्रश्न : डॉक्टर एक्स-रे देत नाहीत, पावतीही दिलेली नाही. तक्रार कुठे करायची? पैसे परत मिळतात का? (कोरेगाव)

उत्तर : आधी लेखी मागा. एका साध्या कागदावर नाव, उपचारांच्या तारखा, कोणता दात, आणि ‘माझ्या नोंदी, एक्स-रे व भरलेल्या रकमेची पावती मिळावी’ एवढंच लिहा. एक प्रत दवाखान्यात देऊन दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदी ठेवणं आणि पेशंटने मागितल्यावर देणं हे दंतवैद्यांच्या आचारसंहितेतच आहे. पैसे यूपीआयने दिले असतील तर बँकेची नोंद जपून ठेवा, तीही पुरावा आहे. बहुतेक वाद या कागदावरच मिटतो.

व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार मुंबईतल्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाते. दवाखान्यात लावलेला डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक टिपून घ्या. परिषद डॉक्टरांवर कारवाई करू शकते, भरपाई मिळवून देत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, साताऱ्यात आणि सांगलीतही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही.

मात्र ‘दुखतं’ एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेला निष्कर्ष लागतो : कोणती दाढ, कुठे फट, कड किती बाहेर, नसेच्या चाचणीचं काय आलं, आणि तारीख. तो कागद आणि एक्स-रे दाढेचं काम नव्याने करून घेण्याआधी मिळवा. जुनं सिमेंट एकदा निघालं की ते कसं भरलं होतं हे दाखवायला दुसरं काही उरत नाही.